बांधावरचं गवत आणि विहिरीतलं औषध

जुलैमध्ये नाशिककडच्या कुठल्याही शिवारात चक्कर मारा, सगळं हिरवंगार असतं आणि मधेच पिवळ्या-तांबूस पट्ट्या दिसतात, म्हणजे आठ-दहा दिवसांपूर्वी तणनाशक मारलेले बांध. आमचा अण्णा, माझा चुलत भाऊ, निफाड तालुक्यात त्याची तीन एकर द्राक्षबाग आहे, दोन वर्षांपूर्वी मला असाच एक बांध कौतुकानं दाखवत होता. "बघ, दोन पंपात सगळा बांध साफ, बाया लावल्या असत्या तर दोन दिवस गेले असते." मजुरीचा हिशोब त्याचा खराच होता त्यामुळं मी काही बोललो नाही. पण तो बांध बागेच्या उताराकडचा होता, त्याच्या खाली चर, चराच्या खाली ओढा आणि ओढ्याच्या काठाला त्याचीच विहीर, जिचं पाणी घरात प्यायला येतं. बागेतलं पाणी आणि विहीर यांच्यामध्ये जो काय एक अडसर उभा होता तो त्यानं जाळून टाकला होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं. मलाही शिकत असताना हे कुणी सांगितलं नव्हतं, नंतर वाचून आणि शेतात बघून कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी फवारलेलं औषध जातं कुठं ते बघू. आपण धरून चालतो की फवारलं, पानावर बसलं, कीड किंवा बुरशी मेली, विषय संपला. तसं होत नाही. काही वाऱ्यावर शेजारच्या रानात जातं, बरंचसं पानावरून ठिबकून जमिनीवर पडतं, त्यातलं काही उन्हानं आणि मातीतल्या जिवाणूंनी तुटून जातं, आणि जे उरतं ते पावसाची वाट बघत बसतं. पाऊस आला की दोन रस्ते, एकतर पाण्याबरोबर वरून वाहत जायचं किंवा पाण्याबरोबर खाली मुरायचं. वरून वाहत जाणारा वाटा खरंतर छोटाच असतो, सहसा मारलेल्या औषधाच्या एक टक्क्याच्या आत, फवारणीनंतर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मोठा पाऊस कोसळला तर मात्र तो चांगला वाढतो. आता एक टक्का ऐकून हायसं वाटतं ना, म्हणून हिशोब करून बघू.

मका आणि उसात मारतात ते ॲट्राझिन हे तणनाशक घ्या, ५० टक्केवालं, अर्ध्या किलोचं पाकीट. त्यात खरं औषध २५० ग्रॅम, त्याचा एक टक्का अडीच ग्रॅम. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस १०५००, २०१२ सालचं, त्यात ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम दिलीय. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आता ३० फूट रुंद विहीर, त्यात ३० फूट पाणी, म्हणजे साधारण ६ लाख लिटर. एवढ्या पाण्याला मर्यादेपर्यंत न्यायला किती ॲट्राझिन लागतं? सव्वा ग्रॅम. म्हणजे त्या पाकिटातून वाहून गेलेला एक टक्का जर कुठंही न अडता पोचला तर दोन विहिरी. युरोपात तर कुठल्याही एका कीडनाशकाला लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम एवढीच परवानगी आहे, सगळी मिळून ०.५, तिथं ही मर्यादा प्रत्येक औषध किती विषारी ते बघून ठरवलेली नाही, पिण्याच्या पाण्यात औषध असूच नये या विचारानं ठरवलीय. त्या मापानं सव्वा ग्रॅम वीस विहिरींना पुरतो. अर्थात सगळंच्या सगळं विहिरीत जात नाही, वाटेत बरंच अडतं आणि तुटतं, पण मुद्दा हाच आहे की ते वाटेत अडण्यावरच सगळं अवलंबून आहे आणि वाटेत गवत आहे की मोकळी जमीन यानं फार मोठा फरक पडतो.

आता सगळी औषधं एकसारखी वाहत नाहीत, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. प्रत्येक औषधाला मातीची ओढ कमी-जास्त असते. काही औषधं मातीच्या कणाला अशी चिकटतात की सोडतच नाहीत, उदाहरणार्थ सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही सगळी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं, क्लोरपायरिफॉसही बऱ्यापैकी चिकटतं. ग्लायफोसेट या तणनाशकाची गंमत वेगळीच आहे, पाण्यात सहज विरघळतं पण जमिनीवर पडलं की मातीला घट्ट धरतं. यांना मी चिखलाची औषधं म्हणतो, कारण ती गढूळ पाण्यातल्या गाळावर बसून प्रवास करतात, गाळ थांबला की तीही थांबतात. दुसरी पाण्याची औषधं, इमिडाक्लोप्रिड, मेट्रिब्युझिन वगैरे, ती मातीला फारशी धरून राहत नाहीत, पाण्यात विरघळून पाण्याबरोबर जातात, पाणी वरून नितळ दिसलं तरी त्यात असतात. ॲट्राझिनही बहुतेक याच गटातलं. म्हणजे गाळ अडवला तर पहिल्या गटाचा बंदोबस्त होतो, दुसऱ्या गटासाठी पाणीच जमिनीत जिरवावं लागतं.

गवत ही दोन्ही कामं करतं.

पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो तेव्हा ढेकळाचे बारीक कण उडतात आणि वरची छिद्रं बुजवतात, पाऊस थांबल्यावर जमिनीवर जो पापुद्रा धरतो ना, भाकरीसारखा, तो त्याचाच. पापुद्रा धरला की पाणी मुरत नाही, वाहायला लागतं. गवत असलं की थेंब आधी पात्यावर फुटतो. मग वरून जे पाणी वाहत येतं त्याला हजारो काड्यांमधून वाट काढत जावं लागतं, वेग मोडतो, आणि वेग मोडला की गाळ खाली बसतो. खाली मुळांनी जमीन पोखरलेली असते, गांडुळांची भोकं असतात, कुजलेलं गवत असतं, पाणी तिथं मुरतं. कुजलेल्या काडीकचऱ्याला आणि सेंद्रिय पदार्थाला बऱ्याच औषधांची ओढ असते, ती तिथं चिकटून राहतात, आणि मुळांच्या भोवती जिवाणूंची जी गर्दी असते ती त्यातली बरीचशी हळूहळू तोडून टाकते. म्हणजे आधी थांबवायचं, मग जिरवायचं, मग धरायचं, मग तोडायचं, एवढं सगळं त्या बिनकामाच्या वाटणाऱ्या गवतात चालू असतं.

हे खोटं वाटत असेल तर एक करून बघा, मी अण्णाकडं केलं होतं. तेलाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे घेतले, दोन्हीकडून कापून नळी केली, एक बागेच्या ओळीत ट्रॅक्टरचं चाक जिथून जातं तिथं ठोकला, दुसरा वरच्या अंगाच्या बांधावर, जिथं गवत शिल्लक होतं, दोन्ही दोन-दोन इंच आत. दोन्हीत एक-एक लिटर पाणी ओतलं. गवतातलं पाणी बघता बघता खाली गेलं, मी दुसरा लिटर ओतला, तोही गेला, आणि चाकोरीतल्या डब्यात पहिला लिटर तसाच आरशासारखा चमकत उभा होता. अण्णा उकिडवा बसून बराच वेळ त्या डब्याकडं बघत होता. त्यानं विचारलं, "म्हणजे ब्लोअर फिरतो तिथंच पाणी जिरत नाही?" तसंच आहे, ब्लोअर हे फवारणीचंच यंत्र, त्यामुळं औषध सर्वात जास्त पडतं तेही तिथंच.

आता हे डब्याचे प्रयोग झाले घरगुती, शेतावर मोजमाप करून केलेले प्रयोगही भरपूर आहेत. त्यातला मला सगळ्यात बोलका वाटतो तो फ्रान्समधला. वायव्य फ्रान्समध्ये, ब्रिटनी आणि त्याच्या आसपास, तीन ठिकाणी गहू आणि मक्याच्या शेताच्या खालच्या अंगाला गवताचे पट्टे ठेवले, ६, १२ आणि १८ मीटर रुंद, आणि पट्ट्याच्या खाली येणारं पाणी धरून तपासलं. निकाल १९९७ साली छापून आले. पट्टे नसलेल्या जागेच्या तुलनेत वाहून येणारं पाणी ४३ ते ९९.९ टक्क्यांनी कमी, गाळ ८७ ते १०० टक्क्यांनी कमी, लिंडेन हे कीटकनाशक ७२ ते १०० टक्के आणि ॲट्राझिन ४४ ते १०० टक्के कमी. आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक ९९ टक्क्यांपेक्षा जास्त अडलं.

या आकड्यांकडं जरा थांबून बघा. गाळाचा आकडा ८७ च्या खाली कधी गेलाच नाही, म्हणजे चिखल अडवायला गवत जवळपास दरवेळी पुरतं. पण ॲट्राझिन कधी पूर्ण अडलं तर कधी निम्म्याहून जास्त निघून गेलं, आणि पाण्याचा आकडाही तसाच खालीवर, ४३ पासून. दोन्हींचा हात हातात आहे. पाण्याबरोबर जाणारं औषध पाणी मुरलं तर अडतं, आणि पाणी मुरणं हे जमीन आधीच किती ओली आहे, पाऊस किती जोरात आहे यावर ठरतं. सलग चार दिवस पाऊस पडून जमीन तुडुंब भरली असेल तर गवत बिचारं काय करणार, खाली जागाच नाही. म्हणून कुणी सांगितलं की गवताचा पट्टा इतके टक्के औषध अडवतो, तर लगेच विचारा कुठलं औषध, कुठल्या जमिनीत आणि कसल्या पावसात. ब्रिटनीतला पाऊस रिमझिम, आपल्याकडं जूनमध्ये वळवाचा किंवा ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस तासाभरात जे ओततो ते प्रकरण वेगळं, त्यामुळं ते ९९ टक्के आपण आपल्या खिशात घालून फिरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिशा मात्र तीच आहे.

फ्रान्सनं पुढं २००५ पासून शेतकऱ्यांना अनुदान हवं असेल तर ओढ्या-नद्यांच्या काठाला ५ मीटर गवताचा पट्टा ठेवायची अट घातली. आता सगळ्या युरोपियन युनियनमध्ये २०२३ पासून पाण्याच्या काठाला निदान ३ मीटर पट्टा, ज्यात खत नाही आणि औषध नाही, अशी अट आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात वेगळा मार्ग घेतला, २००७ पासून मका-सोयाबीनच्या उतारावरच्या रानात १० टक्के जागा तिथल्या मूळच्या गवताला आणि रानफुलांना दिली, पट्ट्या-पट्ट्यांनी, तर वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झाली. दहा टक्के जागेत पंचाण्णव टक्के माती. वर म्हटलेली चिखलाची औषधं आठवा, ती त्या मातीवरच बसलेली असतात.

आपल्याकडं पट्टा सोडा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, तीन एकरात आणि पाच मीटर? बरोबर आहे. युरोपातलं शेत आणि आपलं शेत याची तुलनाच नाही. पण आपल्याकडं एक गोष्ट आयती आहे जी त्यांना कायदा करून आणावी लागली, ती म्हणजे बांध. बांध आहेच, त्यावर गवत येतंच, फक्त ते राहू द्यायचं आहे. पूर्वी ते राहायचं कारण दावणीला जनावरं होती, बांधावरचं मारवेल, पवन्या, हरळी म्हणजे रोजची वैरण, बांधावरच्या गवतावरून भावाभावांत भांडणं व्हायची. जनावरं कमी झाली, ट्रॅक्टर आला, आणि तेच गवत एका पिढीत कचरा झालं. तण खाई धन हे आपण सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलंय आणि पिकातल्या तणाबाबत ते खरंच आहे, पण बांधावरचं गवत पिकाचं धन खात नाही, ते खालच्या विहिरीची राखण करतं. पाच मीटर जमत नसेल तर सहा फूट ठेवा, सहा जमत नसतील तर आहे तेवढा बांध ठेवा, जाड गाळ बराचसा पहिल्या काही फुटांतच बसतो. अरुंद पट्ट्यानं बारीक चिकणमाती तेवढी अडत नाही आणि औषध त्या बारीक कणांवरच जास्त असतं, हेही सांगायला हवं, म्हणून जितका रुंद तितका बरा, पण अरुंद म्हणजे शून्य असं मुळीच नाही.

आणि रुंदीपेक्षा मोठा विषय दुसराच आहे, पाणी पट्ट्यावर पसरतंय का. हे मी अण्णाच्याच रानात बघितलं. मागच्या वर्षी त्यानं खालच्या बांधाला तणनाशक मारलं नाही, गवत छान गुडघाभर झालं, आणि ऑगस्टमधल्या एका जोरदार पावसात आम्ही दोघं इरलं-छत्री घेऊन मुद्दाम तिथं जाऊन उभे राहिलो. बागेतलं पाणी ओळींतून खाली येत होतं, येता येता ट्रॅक्टरच्या चाकोरीला लागत होतं, चाकोरीतून सगळं एकत्र होऊन बांधाच्या एका टोकाला, जिथून ट्रॅक्टर आत-बाहेर करतो, तिथं दीड हाताच्या खिंडीतून धो-धो खाली जात होतं. लाल-काळं, चहासारखं. गवत बाजूला नुसतं भिजत उभं. शंभर फूट गवत आणि सगळं पाणी दीड हातातून! मी दोन बाटल्या भरल्या, एक त्या खिंडीतली आणि एक बांधाच्या मधल्या भागातून जे थोडंसं पाणी खरोखर गवतातून झिरपून येत होतं त्याची. घरी ओट्यावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी खिंडीतल्या बाटलीत तळाला बोटभर गाळ आणि वर अजून गढूळ, दुसरीत गाळाची नुसती रेघ. औषधाचं मोजमाप काही मी केलं नाही, त्याला प्रयोगशाळा लागते, पण गाळ डोळ्यांना दिसतो आणि गाळावर काय बसलेलं असतं ते आता आपल्याला माहीत आहे.

ओघळ हा गवताच्या पट्ट्याचा सगळ्यात मोठा शत्रू, जगभर हाच अनुभव आहे. पाणी पातळ थरानं पसरून आलं तर गवत काम करतं, ओघळीनं आलं तर आडवं झोपतं आणि पाणी त्याच्यावरून निघून जातं. त्यामुळं पट्टा ठेवायचा म्हणजे गवत वाढू देणं एवढ्यावर भागत नाही, पावसात जाऊन बघावं लागतं पाणी कुठून फुटतंय ते. तिथं दगड रचून, थोडा भर घालून ते पसरवायचं, ट्रॅक्टरचा रस्ता उताराच्या खालच्या टोकाला ठेवायचा नाही, पट्ट्यावर ट्रॅक्टर वळवायचा नाही कारण चाकाखाली दबलेली जमीन पुन्हा त्या आरशासारख्या डब्यासारखी होते. दोन-चार वर्षांत पट्ट्याच्या वरच्या कडेला गाळ साठून छोटा उंबरा तयार होतो आणि पाणी त्याच्या कडेकडेनं पळून एका ठिकाणी फुटतं, तो गाळ काढून परत रानात टाकावा लागतो, आपलीच माती आहे ती. गवत फार उंच झालं की लोळतं, कापून वीतभर ठेवलं की काड्या ताठ राहतात. झुबक्या-झुबक्यांनी वाढणाऱ्या गवताच्या मधून पाणी वाट काढतं, गालिच्यासारखी पसरणारी हरळी त्या बाबतीत उत्तम, पण हरळी बागेत घुसली की काय होतं ते द्राक्षवाल्याला सांगायला नको, म्हणून बागेच्या बाजूला मारवेल आणि अगदी खालच्या कडेला वाळ्याची दाट ओळ हा मला पटलेला मार्ग आहे. वाळा चार-सहा इंचांवर लावला तर दोन वर्षांत कुडासारखा दाट होतो, मुळं सरळ खोल जातात, बाजूला पसरून पिकात येत नाहीत. कर्नाटकात म्हैसूरकडचे शेतकरी बांधाला वाळा कधीपासून लावत आलेत.

काळ्या जमिनीचं एक वेगळं सांगायचं राहिलं. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जूनचा पहिला पाऊस वरून वाहतच नाही, सरळ भेगांतून खाली उतरतो. त्या वेळी जमिनीवर जे औषध पडलेलं असेल ते मातीशी ओळख व्हायच्या आतच खोल जातं. गांडुळांच्या भोकांतूनही थोड्या प्रमाणात असं होऊ शकतं, म्हणजे गवतानं पाणी जिरवलं ही चांगली गोष्ट असली तरी विहीर अगदी पट्ट्याला लागून असेल आणि पाणी उथळ असेल तर पाण्याची औषधं वरून न जाता खालून पोचू शकतात. म्हणून गवत आहे म्हणून बिनधास्त विहिरीच्या कडेपर्यंत फवारलं असं करू नका, विहिरीभोवती मोकळी जागा ठेवाच, आणि पंप विहिरीवर धुवू नका, हे तर गवतापेक्षाही आधी. पंप धुताना जे सांडतं ते एका जागी आणि एकदम सांडतं, त्याला कुठलाच पट्टा अडवत नाही.

बांधाबरोबर बागेच्या आतलं गवतही बघायला पाहिजे. फ्रान्समध्ये द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये गवत ठेवायची पद्धत बरीच रुळलीय, विशेषतः उतारावरच्या बागांत. तिथल्या बोझोले भागातला मोर्सिय नावाचा छोटा ओढा शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं तपासला, सगळा वरचा भाग द्राक्षबागांचा, आणि ओढ्यात डाययुरॉन हे तणनाशक सापडायचं. फ्रान्समध्ये डाययुरॉन २००८ च्या अखेरीला बंद झालं आणि मग ओढ्यातलं प्रमाण उतरत गेलं. मला यातून जे कळतं ते असं की ओळीत गवत ठेवण्याचा पहिला फायदा अडवण्यात नाही, तिथं तणनाशक मारावंच लागत नाही यात आहे. जे मारलंच नाही ते वाहणार कुठून. दुसरा फायदा चाकोरीचा, गवतावरून चाक गेलं की जमीन कमी दबते आणि पाणी ओळीतच मुरतं. ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस लागला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं आज मारलं, रात्री धुऊन गेलं, सकाळी परत मारलं, असे जे दिवस येतात त्या दिवसांत पानावरून धुऊन गेलेलं औषध उघड्या चिखलावर पडतंय का गवतावर, हा फरक लहान नाही. अडचण पाण्याची, गवत पाणी पितं, आणि एप्रिल छाटणीनंतरच्या उन्हाळ्यात टँकरनं बाग जगवणाऱ्याला मी ओळीत हिरवं गवत ठेव म्हणणार नाही. पावसाळ्यात येईल ते येऊ द्यायचं, कापत राहायचं, जानेवारीनंतर वाळलं तरी त्याची मुळं आणि वाळकं आच्छादन तिथंच ठेवायचं, रोटर मारून सगळं मोडायचं नाही, एवढं बहुतेकांना जमतं.

आता सावधगिरीच्या गोष्टी, ज्या गवताचे गुण गाताना राहून जातात. फवारणीनंतर त्या पट्ट्यातलं गवत कापून गाईम्हशीला घालू नका. गवतानं औषध धरलं म्हणजे ते गवतात आणि त्याच्या मुळाशी आहे, तेच पुढं दुधात येऊ शकतं. औषधाच्या लेबलवर पिकासाठी जे थांबायचे दिवस दिलेत निदान तेवढे तरी थांबा, आणि शक्यतो वैरण वरच्या बांधाची घ्या, खालच्या पट्ट्याचं कापलेलं गवत बागेत आच्छादनाला टाका. दुसरं मोरचूद. बोर्डो मिश्रणातलं तांबं हे मूलद्रव्य आहे, त्याला कुठलाही जिवाणू तोडू शकत नाही, गवत ते अडवतं हे खरं पण ते तिथंच साठत जातं, त्यामुळं तांब्याच्या बाबतीत पट्टा म्हणजे उपाय संपला असं नाही, मारायचं प्रमाणच बघावं लागतं. तिसरं, बांधावर गवत म्हणजे गवतच, गाजर गवत नव्हे, त्यावर कपाशीचा पिठ्या ढेकूण मुक्काम करतो, ते फुलायच्या आधी उपटलेलंच बरं.

आणि ग्लायफोसेट. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करायचा असं ठरवलं, बांधांच्या पिवळ्या पट्ट्या त्यानंतरही मी बघतोय. पण इथं एक गुंता आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. आपल्याकडं नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी एसआरटी म्हणजे सगुणा राइस टेक्निक ही भातशेतीची पद्धत आणली, नांगरायचं नाही, चिखलणी करायची नाही, गादीवाफे तसेच ठेवायचे आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. माती वाहून जायची थांबते, गांडुळं परत येतात, मला ती पद्धत मनापासून आवडते. पण त्यात तण मारायला तणनाशक वापरतात, कारण नांगर नाही तर तणाला दुसरं काय. म्हणजे माती वाचवण्यासाठी औषध आणि औषध अडवण्यासाठी माती, असा तो फेरा आहे. मुळं जमिनीत राहिल्यानं चिखलाची औषधं जागेवर थांबतात हे त्यातलं चांगलं, आणि दरवर्षी तण कमी होत गेलं तर औषधही कमी लागेल ही त्यातली आशा. मात्र ज्या पट्ट्यानं औषध अडवायचंय त्या पट्ट्यालाच औषध मारणं याला कुठल्याच पद्धतीत जागा नाही.

द्राक्षवाल्यांना रेसिड्यू, म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश, हा शब्द नवीन नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळं आपली द्राक्षं युरोपात अडकली तेव्हा किती घरांत चूल पेटायचं अवघड झालं ते आमच्या भागात अजून बोललं जातं. निर्यातीचा प्रत्येक प्लॉट तपासूनच जातो, एकेका मण्यात किती अंश आहे याचा कागद असतो. अण्णाकडं असे कागद फाईलभर आहेत. त्याच बागेखालच्या विहिरीच्या पाण्याचा असा एकही कागद त्याच्याकडं नाही, आणि ते पाणी त्याची नात रोज पिते. त्या ओढ्याचं पाणी पुढं कादवेला मिळतं, कादवा गोदावरीला, आणि जिथं त्या भेटतात तिथं नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाची म्हणून नोंदलेली, पाणथळ जागा, हिवाळ्यात हजारो पक्षी येतात. तिथं काय पोचतं ते आपल्या शेकडो बांधांवर ठरतं.

मी अण्णाला हा सगळा पाढा एकदम वाचून दाखवला नाही. डबे ठोकले, बाटल्या ओट्यावर ठेवल्या, बाकी त्याचं त्यानंच जोडलं. या मे महिन्यात त्यानं ट्रॅक्टरची वाट वरच्या कोपऱ्यातून काढली, खालची खिंड दगड-मुरूम टाकून बुजवली आणि चराच्या काठानं वाळ्याचे सहाशे ठोंब लावले, मोटारीला पाइप जोडून पाऊस येईपर्यंत पाणी दिलं. बांध अजून वाकडातिकडाच आहे, दोन ठिकाणी वाळा जगला नाही. परवा फोन आला होता, पहिला मोठा पाऊस झाला म्हणाला, पाणी एका जागेवर न फुटता पसरून आलं, चरात आलं ते बरंच निवळ होतं, पण पूर्वेच्या टोकाला अजून एक ओघळ धरतेय. तिथं काय घालायचं ते बघायला रविवारी जायचंय.